मूठ वळण्याआधी

कौलूनमध्ये याउ मा तेईच्या फळबाजारामागे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर हाडवैद्याचं दुकान आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरून भिंतीला चिकटावं, एवढीच त्याची रुंदी. भिंतीवर बरण्यांची रांग. कुठे मुळ्या, कुठे साली, कुठे सुकून काळी पडलेली फुलं. मुक्या मारावर चोळायची औषधी दारू, जिला इथे दीत-दा-जाव म्हणतात, ती आमच्या वर्गातले सगळे तिथूनच आणतात, म्हणून मीही गेले होते. मी पैसे पुढे केले, तर म्हाताऱ्यानं नोटा गल्ल्यावर ठेवल्या आणि माझा हातच धरला. उलटा केला. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या मुळाशी हाडाचे जे उंचवटे असतात त्यांवरून आपला जाडजूड अंगठा सावकाश फिरवला, तर्जनीपाशी येऊन थांबला आणि म्हणाला, "विंग चुन." तर्जनीपाशी कातडी मऊ, पुढच्या तिन्ही ठिकाणी राठ झालेली; एवढ्यावरून त्यानं माझं कुंग फूचं घराणं ओळखलं. मला मनापासून आनंद झाला. तेवढ्यात मान वर न करता त्यानं विचारलं, "मारायचंय कोणाला तुला?"

मी हसले. तो हसला नाही. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं माझ्या हातात दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तो हे सगळ्यांनाच विचारत असेल. पण घरी पोचेपर्यंत त्या प्रश्नानं माझी पाठ सोडली नाही, आणि त्यानंतर वर्गात मूठ वळायला घेतली की तो आधी येऊन उभा राहायला लागला. आमच्या घरात हात उगारणं ही मोठ्या माणसांची मक्तेदारी होती. आईचा धपाटा, मास्तरांची छडी, थोरल्या भावाची टपली. मुलीनं उलट हात उगारला तर मात्र आभाळ कोसळायचं. आजोबा कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले. त्यांच्या लेखी लढणं म्हणजे कुस्ती, आणि कुस्ती म्हणजे पकड, पेच, डाव. लाल मातीत ठोसा मारणाऱ्याला वस्ताद हौद्यातून हाकलून द्यायचे, असं ते सांगत. तेव्हा मारणं ही काहीशी हलकी गोष्ट आहे, डाव न येणाऱ्याचं काम आहे, ही समजूत मी बरोबर घेऊनच हाँगकाँगला आले होते. वर्गाकडे मला ओढलं ते आवाजानं. ऑफिसमधून परतताना एका जिन्याच्या तोंडाशी वरून आवाज यायचा: कॅनव्हासवर एकामागून एक पडणारे बुक्के, तीनतीनच्या झुपक्यानं, मध्ये एक श्वास, पुन्हा तीन. त्या आवाजात राग अजिबात नव्हता. जिना चढून गेले तेव्हा वर एक शाळेतला मुलगा आणि एक निवृत्त बसचालक भिंतीवरच्या पिशवीवर आळीपाळीनं हात चालवत होते, आणि दोघांचे चेहरे इतके शांत होते की मला पहिल्यांदा काही कळेचना.

विंग चुनची मूठ उभी असते. कराटेत किंवा बॉक्सिंगमध्ये ठोसा संपताना मूठ आडवी वळते आणि भार तर्जनी-मधल्या बोटाच्या सांध्यांवर येतो. इथे अंगठा वरच राहतो, कोपर खाली आणि आत, छातीच्या मध्यरेषेवर, आणि भार खालच्या तीन सांध्यांवर. सिफूंनी, म्हणजे आमच्या गुरूंनी, पहिल्या दिवशी माझी मूठ स्वतःच्या हातानं वळवली. आधी टोकाची पेरं, मग मधली, मग अंगठा बाहेरून. आणि लगेच म्हणाले, "आता सोड." मी पूर्ण उघडली. "उघडायची नाही, सोडायची." म्हणजे आकार मुठीचा, पण आत ताकद नाही, बोटांच्या आणि तळव्याच्या मध्ये थोडी हवा राहील इतकी सैल. ती आवळायची फक्त टेकण्याच्या क्षणी, आणि टेकल्याबरोबर पुन्हा सैल. ऐकायला सोपं वाटतं. करायला गेलं की कळतं, आपण आयुष्यभर मूठ आवळूनच हात पुढे नेतो. खांदा वर चढतो, दात आवळले जातात, दंड टणक होतो. हा ताण म्हणजेच जोर, असं आपल्याला वाटत असतं. खरं तर तो ताण हाताला मागे खेचत असतो. दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू आखडला की कोपर उलगडायला अडतं, आणि ठोशाची निम्मी ताकद स्वतःशीच झगडण्यात जाते.

माझी एक मैत्रीण हाडांची डॉक्टर आहे. तिला हे खालचे तीन सांधे अजिबात पसंत नाहीत. करंगळीमागचं हाड नाजूक, आणि कुणी भिंतीवर किंवा कवटीवर मूठ आपटली की तेच मोडतं. तिच्याकडे येणाऱ्या तरण्या पोरांत ते नेहमीचं आहे. मी हे सिफूंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि माझा तळहात मागे वाकवून मनगटाजवळचा मांसल भाग दाखवला. डोक्यावर मूठ कशाला चालवायची? कठीण जागी मऊ हात, मऊ जागी कठीण हात. कवटीला, हनुवटीला तळहाताची टाच. मूठ छातीच्या पिंजऱ्याखाली. मनगट सरळ, मुठीमागे मनगट ते कोपर अशी दोन्ही हाडं एका रेषेत, आणि त्यांच्यामागे कोपर. मैत्रिणीचं समाधान झालेलं नाही, आणि माझंही पूर्ण झालेलं नाही. भांडणात समोरचा माणूस आपल्याला हवी ती जागा पुढे करत नाही. पण कठीण-मऊचा हा हिशेब समजला आणि चिनी हातांचे ते सगळे चित्रविचित्र आकार, जे मला आधी नुसती नाटकी नक्कल वाटत, ते एकदम अर्थपूर्ण दिसायला लागले.

दक्षिण चीनच्या शैलींमध्ये हाताचे आकार अमाप आहेत. हुंग गारमध्ये वाघाचा पंजा: बोटं टोकाशी आकसलेली, तळवा पुढे, म्हणजे आधी तळव्याचा दणका आणि मग बोटांची पकड. बगळ्याची चोच: पाची बोटांची टोकं एकत्र, डोळा किंवा कानशील टिपायला. बिबट्याची मूठ: बोटं अर्धीच दुमडलेली, मधल्या सांध्यांची एक सरळ धार, दोन फासळ्यांमधल्या किंवा गळ्याच्या फटीत जाईल इतकी अरुंद. काही घराण्यांत 'फिनिक्सचा डोळा' नावाची मूठ असते; तीत तर्जनीचा एकच सांधा पुढे काढून त्याला अंगठ्याचा टेकू देतात. चॉय ली फुट, जी चान हुंगनं १८३६ साली रचली असं मानतात, तिच्यात याउलट सगळं मोठं: कमरेतून फिरून येणारे, लांब हातांचे गोलाकार फटकारे. उत्तरेकडे शिंग यी शैलीत मूळ हात पाचच, आणि ते पंचतत्त्वांना जोडलेले: चिरणारा तो धातू, वर घुसणारा ते पाणी, सरळ जाणारा ते लाकूड, उसळणारा तो अग्नी, आडवा छेदणारा ती माती. या शैलीचा ग्वो युनशन अर्ध्या पावलात सरळ ठोसा मारून सगळ्यांना लोळवायचा, असं तिथले लोक अजून अभिमानानं सांगतात. मोजकेच हात घेऊन ते आयुष्यभर घोटायचे, हे मला त्या आकारांच्या गर्दीपेक्षा जवळचं वाटतं.

एका रविवारी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर हुंग गारवाल्यांची 'लोखंडी तार' नावाची कवायत पाहिली. हाँगकाँगमध्ये जागेच्या टंचाईमुळे कुंग फूच्या किती शाळा गच्चीवरच वाढल्या! साठीचा एक गृहस्थ घोड्यावर बसल्यासारख्या बैठकीत उभा होता, दोन्ही मनगटांत पितळी कड्यांची रांग, हात इतके सावकाश पुढे जात होते की ते हलताहेत हे कड्यांच्या किणकिणीवरूनच कळे. प्रत्येक हाताबरोबर घशातून एक वेगळा आवाज, कधी दीर्घ, कधी तुटक. त्यात मार कुठेच दिसत नव्हता. पण तो माझ्या जवळून गेला तेव्हा त्याचा हात मी पाहिला, आणि त्या हाताचा फटका खायची कल्पनासुद्धा करवेना.

जोर हातात नसतो, हे सगळीच घराणी सांगतात. ताय चीच्या जुन्या वचनांत त्याची वाटच दिलेली आहे: उगम पावलात, वाढ पायांत, ताबा कमरेचा, आणि बोटांपाशी तो फक्त दिसतो. ब्रूस लीनं १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला कराटे स्पर्धेत इंचभरावरून ठोसा मारून माणसाला मागच्या खुर्चीत बसवलं; तो प्रसंग सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या मागच्या पायाची टाच कशी उचलली जाते आणि कंबर कशी सुटते ते फार थोडे लोक पाहतात. २०१२ साली लंडनमधल्या संशोधकांनी १२ कराटे ब्लॅक बेल्ट आणि तितकेच धडधाकट पण न शिकलेले लोक घेऊन जेमतेम पाच सेंटिमीटरवरून ठोसे मारायला लावले. ब्लॅक बेल्टवाल्यांचा ठोसा जास्त जोराचा होता, आणि त्याचं कारण दंडाची ताकद नव्हतं. मनगट आणि खांदा यांचा कमाल वेग नेमका कधी जुळतो, यात सगळा फरक होता. मेंदूच्या स्कॅनमध्येही त्यांच्या छोट्या मेंदूतल्या तंतूंची ठेवण वेगळी दिसली. ओला पंचा झटकताना मनगट ऐन वेळी थांबवावं लागतं, तरच टोकाशी फट्ट आवाज होतो. नाहीतर पंचा नुसता लोंबतो. हे मला हाताला समजायला फार काळ गेला, आणि समजलं तेव्हा पिशवीतून जो आवाज आला तो ऐकून सिफूंनी दुसऱ्या कोपऱ्यातून मागे वळून पाहिलं.

आणि तरीही लोखंडी तळव्याच्या, म्हणजे तळहात लोखंडासारखा कणखर करण्याच्या विद्येच्या, गोष्टी वाचताना मन कचरतं.

गू रुजांग हा त्या विद्येतला सगळ्यात गाजलेला माणूस. नानजिंगला १९२८ मध्ये सरकारनं राष्ट्रीय युद्धकला संस्था काढली, तिथून उत्तरेच्या ज्या पाच नामवंत शिक्षकांना दक्षिणेत शिकवायला पाठवलं त्यांतला तो एक. विटांच्या चळतीवर उघडा तळहात आपटून ती फोडतानाचा त्याचा फोटो अजून भिंतीभिंतींवर असतो. साधनेची रीत संथ आहे: आधी मुगानं भरलेली पिशवी, मग वाळू-खडी, मग लोखंडाचे छर्रे, तळवा, हाताची पाठ, कडा, टाच असे क्रमानं, हात वरून नुसता पडू द्यायचा, आपटायचा नाही, आणि आधी व नंतर औषधी दारू चोळायची. वर्षानुवर्षं. हाडावर नेमानं भार आला की हाड घट्ट होतं, हे शरीरशास्त्रालाही मान्य आहे. पण दक्षिणेतल्या ग्वांगजो शहरात त्यानं एका सर्कशीतल्या घोड्याला पाठीवर एकच चापट मारली आणि घोडा मेला, अशीही आख्यायिका आहे. ती ऐकून समोरचे लोक वाहवा करतात. मला दर वेळी घोडाच दिसतो. ती खरी की रचलेली, हा प्रश्न माझ्यासाठी दुय्यम आहे. एवढी साधना करून तयार झालेल्या हातासमोर लोकांनी कल्पनेत उभं कोणाला केलं, तर एका मुक्या जनावराला, याचं मला वाईट वाटतं.

ती औषधी दारू मात्र मला मनापासून आवडते. बाटलीचं बूच काढलं की पहिला वास तांदळाच्या दारूचा, आणि मागोमाग दुसरा, जो मला पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला आणि कुठला ते आठवेना. हाडवैद्यानं त्यातल्या गोष्टी दाखवल्या तेव्हा उलगडा झाला. एका बरणीत हिराबोळ होता. लहानपणी झाडावरून पडले की आई सहाणेवर आंबेहळद आणि बोळ उगाळून, पळीत गरम करून त्याचा लेप घालायची. तोच कडसर, जुना वास. दुसऱ्या बरणीत करडईच्या सुकलेल्या पाकळ्या, सोलापूरकडे शेतंच्या शेतं पिवळी करणारी तीच करडई. रक्त साकळलं तर ती मोकळं करते असं चिनी वैद्यक मानतं. जो मार शिकवतो त्यानंच मार बरा करायचा, ही दक्षिण चीनमधली रीत. ग्वांगजोमध्ये वाँग फेई-हुंग युद्धकला शिकवायचा आणि पो ची लाम नावाचा त्याचा दवाखानाही होता. १९२४ च्या, व्यापाऱ्यांनी उभारलेल्या सैन्याच्या बंडात तो दवाखाना जळून गेला. हाँगकाँगच्या कायद्यातही आज चिनी वैद्यकाच्या तीन शाखांपैकी हाड बसवणं ही एक नोंदणीकृत शाखा आहे. आमच्याकडे तालमीचे वस्ताद उतरलेला खांदा बसवायचेच की. तेव्हा हाडवैद्यानं तो प्रश्न विचारला त्याला त्याचा हक्क होता. मारलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे, दोघांचेही हात त्याच्याच टेबलावर येतात.

कोणाला मारायचंय, या प्रश्नाला विंग चुनच्या कुळकथेत अगदी रोकडं उत्तर आहे. टोफू विकणाऱ्याची पोर यिम विंग-चुन. गावगुंड तिच्याशी जबरदस्तीनं लग्न करायला निघाला. न्ग मुई या भिक्षुणीनं तिला हात शिकवले आणि तिनं त्या गुंडाला धूळ चारली. याला इतिहासाचा आधार सापडत नाही, पण ही विद्या एका बाईपासून सुरू झाली असं तिचेच पुरुष गुरू पिढ्यानपिढ्या सांगत आले, हे मला कमी मोलाचं वाटत नाही. पुढे विंग चुनचे गुरू इप मान फोशानहून हाँगकाँगला आले आणि १९५० मध्ये हॉटेल कामगारांच्या संघटनेत शिकवू लागले, तेव्हाच्या पोरांनाही उत्तर ठाऊक होतं. कुंग फूच्या इतर शाळांच्या मुलांशी ते गच्च्यांवर जाऊन भिडायचे. माझ्यापुढे ना गावगुंड आहे, ना गच्ची. (कुंग फू बौद्ध भिक्षू बोधिधर्मानं भारतातून नेलं, असं सांगणारे मेसेज नातेवाईक मला सारखे पाठवतात, जणू तेच माझ्या शिकण्याचं कारण असावं. ज्या ग्रंथाच्या आधारावर हे सांगतात तो सतराव्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेला आहे, आणि चिनी अभ्यासकांनीच १९३० च्या दशकात हे दाखवून दिलं आहे. ज्यांनी ही विद्या सांभाळली त्यांच्याकडून ती काढून घ्यायची मला काही गरज वाटत नाही.) मला जास्त पटतो तो चि जिग्वांग. हा मिंग काळातला सेनापती, चच्यांगच्या किनाऱ्यावर चाच्यांशी लढलेला. १५६० च्या सुमारास लिहिलेल्या लष्करी ग्रंथात त्यानं हातापायांचे ३२ पवित्रे चित्रांसह दिले आणि सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलं की मोठ्या लढाईत या मुष्टिविद्येचा फारसा उपयोग नाही. ती हात-पाय चपळ करण्यासाठी, नवशिक्याचा प्रवेश म्हणून. लढाया जिंकलेला माणूस हे लिहितो, म्हणून मी ते मानते.

पण एवढ्यानं सुटका होत नाही, कारण शेवटी हात शिकतो तो मारायलाच. आमच्याकडे दोघांनी समोरासमोर उभं राहून मनगटाला मनगट लावून हात फिरवायचे असतात. त्याला ची साउ म्हणतात. डोळ्यांचं काम फार कमी. समोरच्याचं मनगट कुठे दाबतंय, कुठे रिकामं होतंय, हे कातडीनं ऐकायचं. त्याचं एक वचन सिफू वारंवार म्हणतात: आलेल्याला ठेवून घे, जाणाऱ्याला पोचव, आणि हात सुटला की सरळ पुढे. म्हणजे तुमचा हात कायम थोडा पुढे कललेलाच असतो; वाटेतला अडसर दूर झाला की तो आपोआप जातो. मारायचं असं ठरवायला वेळ नसतो, आणि ठरवूही नये, कारण ठरवलं की दंड आखडतो.

मध्यंतरी माझ्यासमोर पंधरा वर्षांची एक मुलगी होती, हडकुळी, चष्मा बाजूला काढून ठेवलेला. हात फिरता फिरता माझं डावं मनगट किंचित बाहेर गेलं. पुढे काय झालं ते मला दिसलंच नाही. तिची मूठ माझ्या गळ्याच्या घाटीला टेकली होती, कातडी जेमतेम आत जाईल एवढी, आणि तिथेच थांबली होती. मी आवंढा गिळला तेव्हा तिचा सांधा मला आतून जाणवला. घाबरली होती ती. "मी मारलं नाही," ती पुटपुटली, "ते गेलं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही पुन्हा मनगटं जुळवली. पण तिचं वाक्य मला अस्वस्थ करून गेलं. हात आपणहून गेला हे खरंच, तिच्या शिक्षणाचं ते यशच. मग थांबला कसा? जाताना तिला विचारून गेला नाही, तर थांबताना कोणाला विचारलं?

वर्ग सुटल्यावर मी हे सिफूंना विचारलं. त्यांचं म्हणणं असं की जाणं आणि थांबणं ही दोन नाहीतच. सैल हातच थांबू शकतो. आवळलेली मूठ एकदा सुटली की मालकाच्याही हातात राहत नाही, म्हणून सैलपणा शिकवला की थांबणं त्यात आलंच, वेगळं शिकवायला नको. ते चाळीसेक वर्षं शिकवताहेत आणि त्यांच्या वर्गात कुणाला गंभीर इजा झाल्याचं कुणी सांगत नाही, तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन आहे. तरी मला ते पुरेसं वाटत नाही. ती मुलगी थांबली, कारण समोर मी होते, रोज मनगट लावणारी, ओळखीची. परक्यापुढे, भीतीच्या वेळी तिचा हात तसाच थांबेल याची खात्री सैलपणा देत नाही; ती घोटून घ्यावी लागेल, पिशवीवर जितके हात घोटतो तितकीच, आणि पहिल्या दिवसापासून. माझी मागणी एवढीच आहे की मूठ वळायला शिकवतानाच ती कातडीपाशी ठेवायलाही शिकवावी, आणि नवशिक्यांना आठवड्यातून एकदा हाडवैद्याच्या टेबलाशी बसवून सुजलेली मनगटं बघायला लावावीत. सिफू म्हणाले, हे मुलांच्या मनात भीती घालणं होईल आणि भ्यालेला हात आखडतो. मी म्हणाले, भीती आणि माहिती यात फरक आहे. आमचं यावर अजून एकमत झालेलं नाही. येत्या गुरुवारी मी हा विषय पुन्हा काढणार आहे, आणि त्या मुलीलाही बरोबर बसवणार आहे.